रडणारा मर्द: टँगोच्या गाण्यांतलं पुरुषपण

'लूसेस दे बुएनोस आयरेस' हा चित्रपट १९३१चा. भाषा स्पॅनिश, कथा आर्जेन्टिनाची, पण चित्रीकरण झालं पॅरिसजवळच्या ज्वाँव्हिलला, पॅरामाउंटच्या स्टुडिओत. टँगोगायक कार्लोस गार्देल त्यात गुरांच्या मोठ्या रानाचा धनी आहे आणि त्याची प्रेयसी शहरातल्या रंगभूमीच्या झगमगाटाला भुलून निघून गेली आहे. हा गुत्त्यात बसतो, स्वतः पितो, आजूबाजूच्यांना पाजतो आणि 'तोमो इ ओब्लीगो' गातो. नावाचा अर्थच मुळी 'मी घेतो, तुम्हीही घ्या' असा. मान्वेल रोमेरोच्या या गाण्याचा उपदेश एकच: बाईपायी पुरुषानं रडू नये. आणि उपदेश करणाऱ्याचा स्वतःचा गळा दाटलेला. थिएटरात लोक रीळ मागं फिरवायला लावून हे गाणं पुन्हा ऐकत, असं सांगतात.

टँगोच्या गीतांमधल्या मर्दपणावर गेल्या शंभर वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका विसंगतीभोवती घुटमळतं. कुणाला त्यात सुरी आणि मग्रुरी दिसते, कुणाला नुसतं रडगाणं. मला वाटतं, गाण्यांकडं नीट कान दिला तर तिसरंच काही ऐकू येतं. टँगोत पक्का मर्द स्वतः जवळपास कधी गातच नाही. तो कालचा असतो, मेलेला असतो, नाहीतर दुसराच कुणी असतो. गाणारा असतो तो त्या मापात न बसलेला माणूस. आणि माप चुकल्याचा राग काढायला हाताशी एक बाई असते.

हे माप घडलं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, शहराच्या कडेच्या वस्त्यांत. १८६९च्या जनगणनेत बुएनोस आयरेसची वस्ती दोन लाखांच्या आत होती. १९१४ला ती पंधरा लाखांवर गेली आणि त्यातलं निम्मं माणूस परदेशात जन्मलेलं. इटलीहून, स्पेनहून आलेले, बहुतेक एकटे पुरुष. राहायला कोन्वेन्तियो, म्हणजे मधल्या चौकाभोवती खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक मोरी. गिरगावातल्या चाळकऱ्याला वर्णन करून सांगायची गरज नाही. बायका कमी, वेश्यागृहं १८७५पासून परवानाधारक. तिथल्या दारात, अंगणात, रांगेत ताटकळताना जे संगीत वाजलं त्याला उच्चभ्रू कवी लेओपोल्दो लुगोनेसनं कुंटणखान्यातलं सरपटणारं जनावर म्हणून हिणवलं.

या वस्तीचा आदर्श पुरुष म्हणजे गुआपो. कमी बोलणारा, शब्दाला जागणारा, सुरीला सुरी लावणारा. त्याची स्वस्त नक्कल म्हणजे कोम्पाद्रितो: उंच टाचेचे बूट, गळ्यात रेशमी रुमाल, कलती हॅट आणि तोंडात फुशारकी. मालेवो हा सरळ गुंड. आणि बायकांच्या कमाईवर जगणारा तो काफिशो. लुन्फार्दोत, म्हणजे या वस्त्यांच्या बोलीत, असल्या माणसांना इतके शब्द आहेत की त्यांचा वेगळा कोश व्हावा. पण एक शब्द या सगळ्यांहून महत्त्वाचा: ओतारिओ. ओतारिओ म्हणजे भोळसट, ज्याला कुणीही टोपी घालावी असा. टँगोतला पुरुष मरणाला भितो त्याहून ओतारिओ ठरण्याला जास्त भितो. हे ध्यानात ठेवलं की अर्धी गाणी आपोआप उलगडतात.

सुरुवातीची गाणी मात्र खरोखरच छाती फुगवून गायलेली आहेत. आंखेल विश्योल्दोचं १९०३चं 'एल पोर्तेन्यीतो' म्हणजे निव्वळ बढाई: मी या शहराचा पोरगा, माझ्यासारखा नाचणारा दुसरा नाही. १९०७च्या सुमाराला पोलीसप्रमुख रामोन फाल्कोन यानं रस्त्यात बायकांना शेरे मारणाऱ्यांना पन्नास पेसोंचा दंड लावला, तेव्हा विश्योल्दोनं त्यावरही गाणं केलं: पन्नासांपासून सांभाळा! छेडछाड हा मर्दाचा जन्मसिद्ध हक्क आणि सरकार त्यावर कर बसवतंय, असा त्यातला मिश्कील सूर. गाणी हलकी आहेत, मजेची आहेत, आणि त्यांत कुणाच्याही डोळ्यांत पाणी नाही.

मग १९१२ला आर्जेन्टिनात गुप्त मतदानाचा कायदा आला. त्याचा टँगोशी काय संबंध? पुष्कळ. गुआपोची खरी नोकरी निवडणुकीतली होती. पुढाऱ्यासाठी मतदाराला दम देणं, मतपेटीभोवती उभं राहणं. मत गुप्त झालं आणि दादा बेकार झाला. म्हणजे टँगोला नीट शब्द मिळाले तेव्हा सुरीवाला वीर आधीच इतिहासजमा होत आलेला होता. पुढच्या तीस वर्षांच्या गीतांत त्याच्याबद्दल जो हुंदका आहे तो एका संपलेल्या धंद्याबद्दलचाही आहे.

पास्कुआल कोन्तुर्सी उरुग्वेतल्या मोन्तेविदेओच्या कॅबरेंत दुसऱ्यांच्या चालींवर आपले शब्द बसवून गायचा. सामुएल कास्त्रिओताच्या एका चालीवरचे त्याचे शब्द गार्देलनं १९१७ला ध्वनिमुद्रित केले, 'मी नोचे त्रिस्ते' या नावानं. गाणाऱ्या टँगोचा जन्म इथून धरतात. बाई सोडून गेली आहे आणि पुरुष खोलीत एकटा आहे, इतकंच त्यात घडतं. पण तो पाहतो काय? बाटल्यांवरच्या शोभेच्या फिती, धुकटलेला आरसा, कपाटात पडून राहिलेली गिटार, पेटायला राजी नसलेला दिवा. दार तो मुद्दाम उघडं ठेवून झोपतो. हा माणूस बहुधा त्या बाईच्या कमाईवर जगणाराच आहे, भाषेवरून ते कळतं. दलाल रडतो आहे, आणि त्याच्याबरोबर सगळं शहर रडलं. आपल्याकडे होनाजी-रामजोशींनी विरह बाईच्या तोंडी घातला होता. कोन्तुर्सीनं तो सरळ पुरुषाच्या तोंडी दिला.

आर्जेन्टिनी लेखक बोर्हेसला हे अजिबात रुचलं नाही. 'एवारिस्तो कार्रिएगो' या पुस्तकात १९५५ साली त्यानं टँगोचा इतिहास जोडला. त्यात जुना टँगो त्याला लढाईच्या आनंदाचा वाटतो आणि नंतरचा कुरकुऱ्या. गार्देलनं टँगो भावुक केला, ही त्याची जुनी तक्रार. १९६५ला त्यानं स्वतः मिलोंगा, म्हणजे टँगोच्या कुळातली गाणी, लिहिली आणि संगीतकार पियाझोलाच्या संगीतात, एदमुन्दो रिवेरोच्या खोल आवाजात 'हासिन्तो चिक्लाना' आली. गंमत अशी की तिथला शूरही कवीनं कधी पाहिलेला नाही. कुठल्याशा नाक्यावर कुणाच्या तरी बोलण्यात त्याचं नाव कानावर पडलेलं. रडक्या टँगोचा तिटकारा असलेल्या बोर्हेसचा मर्दही हरवलेलाच आहे. फक्त तो हरवल्यावर बोर्हेस दारू पीत नाही, एवढाच फरक.

१९२२चं 'पातोतेरो सेन्तिमेन्ताल' या पेचाचा नमुना आहे. इग्नासियो कोर्सिनीनं नाटकात गायलेलं, शब्द पुन्हा मान्वेल रोमेरोचे. टोळीतला तरुण, नाचघराचा राजा, मित्रांच्या घोळक्यात बसला आहे. पूर्वी टाकून दिलेली एक मुलगी त्याला आठवते आणि डोळे भरतात. पण मित्र बघतायत. म्हणून तो हसतो. रडू आलं तर चालेल, दिसता कामा नये. चार वर्षांनी याच रोमेरोनं संगीतकार कानारोच्या चालीवर 'तिएम्पोस विएखोस' लिहिलं. त्यात म्हातारे होऊ लागलेले दोस्त जुने दिवस आठवतात: तेव्हाचे पुरुष जास्त पुरुष होते, कोकेन-मॉर्फिन कुणाला ठाऊक नव्हतं, पोरं केसांना गोमिना, म्हणजे केस चापून बसवणारा लेप, चोपडत नव्हती. गार्देलच्या केसांकडं पाहा. हे गाणं त्यानंही गायलं, आणि त्याच्या चकचकीत भांगाइतका गोमिनाचा मोठा जाहिरातदार शहरात दुसरा नव्हता.

मर्दानं कसं असावं याचे या गीतांतले नियम तसे थोडे आहेत. आईला दुखवायचं नाही, मित्राला दगा द्यायचा नाही, शब्द मोडायचा नाही, आणि बाईच्या मुठीत जायचं नाही. चौथा नियम मोडला की पहिले तीन आपोआप मोडतात, हे टँगोचं अंकगणित. गीतकार दिसेपोलोच्या १९२८च्या 'एस्ता नोचे मे एम्बोर्राचो'मधला माणूस पहाटे कॅबरेतून बाहेर पडणारी एक उतरलेली, रंग फासलेली बाई बघतो. हिच्याच नादानं दहा वर्षांपूर्वी त्यानं आईच्या तोंडचा घास काढला होता, हीन झाला होता, मित्र गमावले होते. आता तो ठरवतो की आज रात्री प्यायची. तिच्यावर काय ओढवलं, याची चौकशी तो करत नाही. काळानं उगवलेला सूड, एवढाच तिचा उपयोग.

गीतकार सेलेदोनियो फ्लोरेस तरुणपणी हौशी बॉक्सर होता, आणि ठोसा कुठे मारावा हे त्याला कळत होतं. 'मार्गोत'मधली मार्गारिता श्रीमंतांच्या संगतीत नाव बदलून मार्गोत होते. तिकडे तिची आई लोकांचे कपडे धुते. 'मानो आ मानो', म्हणजे आपण आता बरोबरीत, हे त्याहून थोर. सोडून गेलेल्या बाईला तो उदार शब्दांत निरोप देतो: तुझं माझं देणंघेणं फिटलं, उद्या म्हातारपणी जुन्या सामानासारखी अडगळीत पडलीस तर या मित्राची आठवण ठेव. उदारपणाच्या वेष्टनात इतका अचूक शाप मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेला नाही. पण यात गाणारा बाईशी बोलतोय असं वाटलं तरी खरा प्रतिस्पर्धी बाकान आहे, म्हणजे पैसेवाला पुरुष. मार्ता साविल्यानो या आर्जेन्टिनी अभ्यासक-नर्तकीनं १९९५च्या पुस्तकात हाच धागा ओढला आहे: रडणाऱ्या गुंडाचं गाऱ्हाणं बाईच्या नावानं असलं, तरी भांडण वर्गाचं आणि वर्णाचं आहे, पुरुषापुरुषांतलं आहे. गरिबाला श्रीमंतावर सुरी उचलता येत नाही. तो गाणं उचलतो.

हे सगळं फार गंभीर होतंय. मोन्तेविदेओच्या फोन्तायना, सोलिन्यो आणि कोयासो या त्रिकुटानं १९२८ला 'गारूफा' केलं, त्यात रात्रीचा सिंह म्हणवणारा एक गडी आहे, आणि त्याची आई त्याला डाकू समजते, कारण काय, तर तो जत्रेच्या बागेत दिसला होता. दिसेपोलोच्या 'चोर्रा'मध्ये बाजारात मांसाचा गाळा चालवणाऱ्या साध्या माणसाला एक पोरगी आणि तिची आई मिळून पार लुबाडतात. वीराची विधवा म्हणवणाऱ्या त्या बाईचा नवरा तुरुंगात जिवंत निघतो. इथे ओतारिओ स्वतःच स्वतःवर हसतो. मला हे विनोदी टँगो शूर टँगोंपेक्षा जास्त मर्दानी वाटतात.

या सगळ्यांतलं सर्वांत धाडसी गाणं म्हणजे 'मालेवाहे', १९२८चं, शब्द दिसेपोलोचे, संगीत हुआन दे दिओस फिलिबेर्तोचं. कसलेला गुंड प्रेमात पडला आहे आणि त्याला भीती वाटायला लागली आहे. कालच्या भांडणात तो लढायच्या ऐवजी पळाला, कारण तुरुंगात गेलो किंवा मेलो तर ती पुन्हा दिसणार नाही. टोळी त्याच्याकडं न कळून पाहते आहे. आता फक्त चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकायचं बाकी राहिलं, असं तो स्वतःच म्हणतो. यात बाई दगाबाज नाही, कुणी मरत नाही, सूड नाही. प्रेम म्हणजे जिवाला जपावंसं वाटणं, आणि जिवाला जपणारा मर्द राहत नाही. एवढंच. हे गाणं पहिल्यांदा गायलं कुणी? आसुसेना मायसानीनं. एका बाईनं, जी मंचावर अनेकदा पुरुषी वेषात, गाउचोच्या, म्हणजे तिथल्या गुराख्याच्या, पोशाखात उभी राहायची.

पण रडणारा पुरुष म्हणजे हळवा पुरुष, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. हा समज टँगोवर लिहिणाऱ्या पुष्कळांना झाला आहे आणि तो मला धोक्याचा वाटतो. 'आ ला लुस देल कान्दिल'मध्ये एक माणूस पोलिसांसमोर शांतपणे कबुली देतो. पिशवीत बायकोच्या वेण्या आणि मित्राचं काळीज आहे. 'नोचे दे रेयेस'मध्ये मुलानं भेटवस्तूंसाठी बूट मांडून ठेवलेल्या सणाच्या रात्रीच बाप आईला मारतो. आणि इवान दिएसचं 'आमाब्लेमेन्ते', म्हणजे 'सौजन्यानं'. घरी परतलेला पुरुष बायकोला परक्याबरोबर पाहतो. परक्याला जाऊ देतो, त्याचा काय दोष. मग तिला माते चहा करायला सांगतो, गप्पा मारतो, कपाळाचं चुंबन घेतो आणि चौतीस वार करतो. एदमुन्दो रिवेरोनं हे गाणं तसंच गायलं, सौजन्यानं. श्रोते हसत. हुंदका आणि हा वार एकाच ठिकाणाहून येतात: माझं दुःख एवढं मोठं की त्यापुढे ती कुणीच नाही. ओस्लोत राहिलेला आर्जेन्टिनी मानवशास्त्रज्ञ एदुआर्दो आर्चेत्ती यानं १९९९च्या पुस्तकात फुटबॉल, पोलो आणि टँगो एकत्र घेऊन आर्जेन्टिनी पुरुषपणाची चाचपणी केली. टँगोत त्याला संशयानं पोखरलेला पुरुष सापडला. ते खरंच आहे. फक्त संशयानं पोखरलेल्या पुरुषाच्या हातात काय आहे, हेही पाहायला हवं.

बापलेकांची एक जोडी या प्रवासातला बदल दाखवते. 'मी नोचे त्रिस्ते'वाला पास्कुआल कोन्तुर्सी बायकामुलाला मागं ठेवून पॅरिसला गेला, मन हरवून परतला आणि १९३२ला वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याचा मुलगा होसे मारिया पुढं स्वतः मोठा गीतकार झाला. १९४२च्या त्याच्या 'ग्रिसेल'मध्ये सोडून जाणारा पुरुषच आहे. दोष माझा, तुझं वाईट मी केलं, आणि त्याची शिक्षा मी भोगतो आहे, असं तो म्हणतो. बाप म्हणाला होता, ती गेली. लेक म्हणतो, मी गेलो. मधल्या पंचवीस वर्षांत दादा संपले होते, १९३६ला वेश्यागृहांचे परवाने रद्द झाले होते, वाद्यवृंद मोठे झाले होते. १९४३च्या लष्करी सरकारनं तर रेडिओवर लुन्फार्दोला बंदी घातली आणि गुंड-दलालांची भाषाच काही वर्षं ध्वनिलहरींवरून पुसली. १९४९ला कलावंत जाऊन राष्ट्राध्यक्ष पेरोनला भेटले तेव्हा ही बंदी सैल झाली. आणि १९४८ला, बायकांना मताचा हक्क मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, दिसेपोलोनं 'काफेतिन दे बुएनोस आयरेस' लिहिलं. त्यात काचेला नाक लावून आत पाहणारं पोर कॅफेत मोठं होतं, फासे शिकतं, तत्त्वज्ञान शिकतं, मित्र करतं आणि शेवटी न लढताच हार मानतं. पुरुषाला घडवणाऱ्या त्या जागेची तुलना तो कशाशी करतो? आईशी.

बायकांनी या मापाचं काय केलं, हा भाग पूर्वीच्या आढाव्यांत तळटिपेपुरता असायचा. खरं तर तो मध्यभागी हवा. हुलिओ दे कारोच्या चालीवरच्या 'एल मालेवो'चे शब्द गुंडाची खिल्ली उडवतात: रुमाल गेला, रुबाब गेला, चालीतली ऐट गेली, आता कसला तू मालेवो! गीतकाराचं नाव छापलं होतं मारियो कास्त्रो. ते टोपणनाव होतं मारिया लुईसा कार्नेल्लीचं, जिनं पुढं स्पेनच्या यादवी युद्धाचं वार्तांकन केलं. पुरुषाच्या नावाआड बसून तिनं पुरुषाचा मुखवटा उतरवला. 'से दीसे दे मी' हे १९४३ला पुरुषासाठी लिहिलेलं बढाईचं गाणं अभिनेत्री-गायिका तीता मेरेयोनं १९५५च्या 'मेर्कादो दे आबास्तो' चित्रपटात असं काही गायलं की आता पुरुषाच्या तोंडी त्याची कल्पनाही करवत नाही. गीतकार एलादिया ब्लास्केसला मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात लिहिता आलं.

१९६९ला पियाझोला आणि ओरासियो फेर्रेर यांचं 'बालादा पारा उन लोको' आलं तेव्हा बुएनोस आयरेसच्या लुना पार्क सभागृहात गोंधळ झाला. डोक्यावर अर्धं खरबूज, हातांत टॅक्सीवरचे 'भाड्याने' असे झेंडे घेतलेला वेडा एका बाईला उडायला बोलावतो. सुरी नाही, आई नाही, बाकान नाही. जुन्या मंडळींनी हा टँगोच नव्हे म्हटलं. मला हा वेडा 'मालेवाहे'मधल्या पळपुट्याचा सख्खा नातू वाटतो: हसं होण्याची भीती सोडलेला, टँगोतला पहिला पुरुष.

२०१५च्या जूनमध्ये बुएनोस आयरेसच्या रस्त्यांवर स्त्रीहत्यांविरुद्ध 'नी उना मेनोस'चा मोर्चा निघाला. त्यानंतर कित्येक गायकांनी आणि गायिकांनी 'आमाब्लेमेन्ते'सारखी गाणी पुन्हा तपासायला घेतली. काहींनी शब्द बदलले. बंदी घालावी असं मला वाटत नाही, तो प्रयोग १९४३ला झालेला आहे. पण हसत ऐकण्याचा काळ संपला. ज्यांना या गाण्यांत शिरायचंय त्यांना एक सुचवणं: सुरुवात गार्देलच्या हसऱ्या फोटोपासून करू नका. आधी आसुसेना मायसानी ऐका. बाईच्या गळ्यातून तो पळालेला गुंड बोलू लागला की मगच 'तोमो इ ओब्लीगो' लावा.